निफाडची थंडी आणि हेझलनटची झुडपं: एका द्राक्षबागायतदार कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण निफाड तालुक्यातल्या एका कुटुंबाचं आहे. गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात ज्यांना सगळे नाना म्हणतात ते वडील, बाग सांभाळणारा थोरला मुलगा आणि अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला असलेला धाकटा, ही यातली माणसं. मी त्या भागात पीकसल्लागार म्हणून फिरतो. सुरुवातीला मीही चुकीचा अंदाज बांधला होता, तो जसाच्या तसा लिहिला आहे.

पार्श्वभूमी

चार एकर द्राक्ष, सगळी डॉगरिज खुंटावर (म्हणजे खालच्या, मुळाकडच्या वेलीवर) कलम भरलेली थॉमसन. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाने फुलोऱ्यातली बाग कुजवली होती. पुढे १ आणि २ डिसेंबर २०२१ ला अवकाळी पाऊस झाला आणि लवकर छाटलेल्या प्लॉटमधले मणी तडकले. दीड एकरातला माल कोणी व्यापारी बघायलाही आला नाही. त्या प्लॉटचं वयही झालं होतं. जानेवारीत नानांनी तो काढून टाकला. तारा, अँगल, ठिबक जागेवर ठेवलं आणि वेली मुळासकट उपटल्या. ज्याने स्वतः भरलेली बाग स्वतःच काढली आहे, त्याला हे किती जड जातं ते सांगायला नको.

आता त्या दीड एकरात काय लावायचं, हा प्रश्न होता. धाकटा आग्नेय मिनेसोटात राहतो. शनिवार-रविवारी तो जवळच्या एका शेतकऱ्याकडे हेझलनटच्या, म्हणजे टणक कवचातल्या एका सुक्या मेव्याच्या, झुडपांच्या कामाला हौसेने जायचा. त्याने फोनवर सुचवलं, "नाना, इथे ही झुडपं उणे तीस अंशांत जगतात. आपल्या निफाडलाही थंडी असते. लावून बघू या."

मिनेसोटात नानांनी काय पाहिलं

२०२२ च्या एप्रिलमध्ये नाना पहिल्यांदाच मुलाकडे गेले. एरवी एप्रिल म्हणजे खरड छाटणी, वेलीच्या जुन्या काड्या कापून नव्या काढायचं काम, घराबाहेर पडायची सोय नसते. त्या वर्षी छाटायला बागच कमी होती.

तिथे वसंत उशिरा आला होता आणि बांधाकडेला अजून बर्फ होतं. झुडपांवर एक पान नव्हतं, पण काड्यांवरून बोटभर लांबीचे पिवळे तुरे लोंबत होते आणि वाऱ्यावर परागाची धूळ उडत होती. मादीफुलं शोधावी लागली. कळीच्या टोकातून बाहेर आलेले लाल धागे, केसाएवढे बारीक. परागीकरण वाऱ्यानेच होतं, मधमाशीचं काम नाही. झुडपाला स्वतःचा पराग चालत नाही, म्हणून जुळणारं दुसरं वाण जवळ लागतं. या थंड दिवसांत झालेल्या परागीकरणाचं फळ तिथे ऑगस्ट-सप्टेंबरात हाती येतं.

नानांचा पहिला प्रश्न बागायतदाराला शोभेल असा होता: खुंट कोणता? धाकट्याला तो समजावून सांगायला वेळ लागला, कारण इथे कलम नाही, संकर आहे. जगातलं बहुतेक हेझलनट युरोपीय जातीचं. तुर्कस्तानातल्या काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर, ओर्दू-गिरेसूनच्या बाजूला, त्याचं सर्वांत मोठं आगर आहे. अमेरिकेतलं जवळजवळ सगळं उत्पादन ओरेगन राज्यातल्या विलामेट खोऱ्यातून येतं. युरोपीय जातीचं फळ मोठं आणि कवच पातळ, पण मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात ती मार खाते. शिवाय अमेरिकेच्या पूर्व भागात तिला एक बुरशीजन्य खोडरोग गाठतो. फांदीवर काळ्या उंचवट्यांची रांग उठते आणि झाड काही वर्षांत वाळतं. तिथली जंगली अमेरिकी जात हा रोग आणि थंडी दोन्ही सोसते, मात्र तिचं फळ लहान आणि जाड कवचाचं. या दोघींचा संकर करून निवडलेली झुडपं म्हणजे हायब्रीड हेझलनट. १९३० च्या दशकापासून तिथे असे प्रयत्न चालू आहेत. २००७ पासून मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन विद्यापीठांची माणसं शेतकऱ्यांबरोबर बसून चांगली झुडपं निवडतात.

नानांनी एक गोष्ट लगेच हेरली: एकाच ओळीतली दोन झुडपं एकमेकांसारखी नव्हती. एकाचं फळ बोराएवढं, शेजारच्याचं हरभऱ्याच्या घाट्याएवढं. ती बियांपासून केलेली रोपं होती. चांगल्या झुडपाची हुबेहूब नक्कल करायची तर बुंध्याशी माती चढवून फुटव्यांना मुळ्या आणाव्या लागतात, आणि हे काम सावकाश होतं. त्यामुळे तिथेही निवडक वाणांच्या रोपांची टंचाई आहे. "म्हणजे बी लावून केलेली द्राक्षबागच की ही," नाना म्हणाले. मला ही तुलना अगदी बरोबर वाटते.

अडचण नेमकी कुठे होती

नाना परत आले ते उत्साहात. मीही त्यांना परावृत्त केलं नाही, कारण निफाडची थंडी आमच्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेली आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला नीचांकी पारा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतो. पहाटे पाच अंशांच्या आसपास उतरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू होतं, मणी गुलाबी पडतील म्हणून जीव टांगणीला लागतो. ज्या गावात थंडीने मणी फुगायचे थांबतात, तिथे थंडीतलं झुडूप का येणार नाही, असं मी बोलून गेलो. ही माझी चूक.

थोरल्याचा मुद्दा अधिक मजबूत होता. तो मला म्हणाला, "भाऊ, द्राक्षसुद्धा थंड मुलखातलंच. आपण वर्षातून दोनदा छाटतो, ऑक्टोबरात काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावतो आणि बाग फोडतोच ना?" बरोबर आहे. हायड्रोजन सायनामाईडची ती पेस्ट म्हणजे वेलीला न मिळालेल्या थंडीची भरपाईच. पण द्राक्षवेलीची थंडीची गरज मुळात थोडी. घडाची निर्मिती एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढलेल्या काडीत, उन्हातच होते, आणि फुलोऱ्याला बाहेरचा पराग लागत नाही. हेझलनटमध्ये तीन वेगळ्या गरजा आहेत. नरतुऱ्यांना, मादीफुलांना आणि पानांच्या डोळ्यांना प्रत्येकाला आपापली थंडी लागते. एकाची भागली आणि दुसऱ्याची राहिली तर तुरे धूळ उडवून मोकळे होतात आणि लाल धागे बाहेरच येत नाहीत.

समोर असलेले पर्याय

पहिला, दीड एकरात सरळ लागवड. तिथल्या पद्धतीने १५ बाय ५ फुटांवर लावलं तर एकरी ५८० झुडपं बसतात, म्हणजे नऊशेच्या जवळ रोपं. चौथ्या-पाचव्या वर्षी थोडं फळ आणि भरीचं उत्पादन त्यापुढे.

दुसरा, थोडी रोपं आणून बघणं.

तिसरा, नाद सोडून पेरू किंवा सीताफळ.

चौथा कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, तो धाकट्याच्या मनात होता: झुडूप जिथलं आहे तिथेच, मिनेसोटात, आपण का लावू नये?

याच सुमारास, २०२२ च्या पावसाळ्यात, एक रोपविक्रेता गावात आला. "उष्ण हवेत येणारं हायब्रीड हेझलनट", वर माल परत विकत घेण्याची हमी. हिमाचलातलं कमी थंडीत फळणारं एचआरएमएन-९९ हे सफरचंद महाराष्ट्रातही लोकांनी लावलं आहे. तेव्हा सफरचंद आलं तर हे का नाही, असा त्याचा युक्तिवाद. थोरल्याने २५,००० रुपये आगाऊ दिले. घरात कोणाला विचारलं नाही, कारण प्लॉट रिकामा राहिल्याचं ओझं सगळ्यात जास्त त्याच्यावरच होतं.

थंडीचा हिशेब

उरलेली रक्कम भरायच्या आधी मी थोरल्याला एक काम सांगितलं. त्यांच्या बागेत डाऊनी या बुरशीरोगाच्या अंदाजासाठी वेदर स्टेशन आहे. दर तासाचं तापमान त्यात जमा होतं. मागच्या दोन हिवाळ्यांची नोंद काढ आणि ७ अंशांखाली किती तास गेले ते मोज.

हेझलनटला साधारण ८०० ते १,२०० तासांची थंडी लागते असं धरतात, वाणागणिक फरक पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरून आमची बेरीज एकाही हिवाळ्यात शंभरापर्यंत गेली नाही. पारा उतरतो तो पहाटे तीन-चार तास, तोही मोजक्या रात्री. नऊ वाजता स्वेटर निघतो.

यापुढचा हिशेब मला अधिक महत्त्वाचा वाटतो. थंडी मोजायच्या युटा पद्धतीत दर तासाला गुण देतात. अडीच ते नऊ अंशांच्या दरम्यानच्या तासाला एक गुण. साडेबारा ते सोळापर्यंत शून्य. सोळाच्या वर अर्धा गुण वजा, अठराच्या वर पूर्ण एक वजा. जानेवारीतली आमची चांगली थंड रात्र घ्या: पहाटेचे पाच-सहा गुण जमा झाले. मग सकाळी दहा-अकरापासून रात्री सात-आठपर्यंत पारा अठराच्या वर, दुपारी तर सत्तावीस-अठ्ठावीस. दिवसाअखेर शिल्लक उणे. दोन्ही हिवाळ्यांत एकही आठवडा जमेचा निघाला नाही. ही पद्धत उबदार हिवाळ्यांसाठी जरा कडक आहे हे खरं, पण नुसत्या तासांची मोजणीही दहाव्या हिश्शापर्यंत पोहोचत नव्हती.

थोरल्याने रात्री जेवणानंतर हा तक्ता नानांसमोर ठेवला आणि आगाऊ दिलेल्या पैशांचंही तेव्हाच सांगितलं. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "राहिलेले पैसे देऊ नको. गेलेल्याचं काय ते नंतर बघू." ते २५,००० परत मिळाले नाहीत. विक्रेत्याने रोपं आयात केल्याचा कोणताही कागद शेवटपर्यंत दाखवला नाही.

बॅगेतल्या काड्या

या निर्णयाबद्दल मला मनापासून लिहावंसं वाटतं, कारण चूक झाली असती तर ती एका शेतापुरती राहिली नसती.

धाकटा दिवाळीत येणार होता. त्याने विचारलं, मुळ्या फुटलेल्या दहा-बारा काड्या बॅगेत घालून आणू का? ओल्या कापडात गुंडाळल्या तर टिकतील. हेतू चांगला होता. मी नाही म्हटलं. आयात परवाना आणि निर्यातदार देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र नसताना लागवडीची रोपं देशात आणता येत नाहीत. प्लांट क्वारंटाईन ऑर्डर, २००३ चा हा नियम आहे. पण नुसता नियम सांगून धाकट्याचं समाधान झालं नसतं, म्हणून कारण सांगितलं. तो खोडरोग उत्तर अमेरिकेपुरता आहे. लागण झाल्यावर फांदीवर खूण दिसायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर काडी तजेलदार दिसते. आणि आपल्या देशात हेझलनट अजिबात नाही असं नाही. हिमाचलात चंबा जिल्ह्यातल्या पांगी खोऱ्यात त्याची जंगली जात आहे, तिला तिथे थांगी म्हणतात. लोक ती जंगलातून गोळा करून विकतात आणि त्यावर घरं चालतात. निफाडच्या हौसेपायी त्यांच्या झाडांना धोका का द्यायचा?

धाकट्याने काड्या आणल्या नाहीत. फोनवर एवढंच म्हणाला, "हे मला इथल्या कोणी सांगितलं नव्हतं." तो नंतर कित्येकदा थांगीबद्दल विचारत राहिला.

दहा रोपांची चाचणी

नानांची इच्छा मात्र शिल्लक होती. डिसेंबर २०२२ मध्ये हिमाचलातल्या एका रोपवाटिकेतून युरोपीय जातीची, दोन वर्षांची दहा रोपं आणली. पाच बांधाकडेला जमिनीत, पाच मोठ्या कुंड्यांत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दहाही रोपं छान फुटली. शेजारचे बघायला आले. थोरल्याने फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "आलं की!" मला त्याला थांबवावं लागलं. ती रोपं हिमाचलची थंडी अंगात घेऊनच आली होती. पहिल्या वर्षीची फूट निफाडच्या हवामानाची परीक्षा नव्हतीच. पुष्कळ विक्रेत्यांचे दाखवायचे प्लॉट पहिल्या वर्षीचेच असतात, आणि माझ्या मते फसगत होते ती इथे.

खरी परीक्षा पुढच्या हिवाळ्यात झाली. कुंड्यांसाठी थोरल्याने एक युक्ती काढली, जी नाशिकच्याच माणसाला सुचावी: कोल्ड स्टोरेज. हजार तास म्हणजे बेचाळीस दिवस. द्राक्षाचा हंगाम जोरात यायच्या आधी ओळखीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एक कोपरा मोकळा असतो. अडचण अशी की डिसेंबर उजाडला तरी झुडपांची पानं गळेनात. डाळिंबाला औषध मारून पानगळ करतात, इथे आम्ही हाताने पानं काढली. कुंड्या चार अंशांवर ठेवल्या आणि मकरसंक्रांतीला बाहेर आणल्या.

काय निष्पन्न झालं

जमिनीतली पाच झुडपं मार्च उजाडेपर्यंत काडीसारखी उभी होती. मग शेंड्याचे एक-दोन डोळे फुटले, खालची सगळी काडी उघडीच राहिली. तुरे लांबलेच नाहीत, सुकून गळाले. मे महिन्यात त्यातली दोन मेली.

कोल्ड स्टोरेजमधली पाच दोन-तीन आठवड्यांत एकसारखी फुटली. तीन झुडपांच्या तुऱ्यांनी पराग सोडला. नानांनी भिंग घेऊन लाल धागे शोधले आणि दोन झुडपांवर ते सापडलेही. फळ एकही धरलं नाही. रोपं एकाच वाणाची होती की काय हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि परागाची जुळणी आम्ही विचारलीच नव्हती. एप्रिलमध्ये चाळिशीचं ऊन लागलं तेव्हा शेडनेटखालीही पानांच्या कडा करपल्या. थंडी विकत घेता येते, पण पुढचा उन्हाळा तसाच राहतो, हे त्या कुंड्यांनी दाखवलं. दहा रोपं म्हणजे काही संशोधन नव्हे. दीड एकराचा निर्णय घ्यायला मात्र तेवढी पुरेशी होती.

त्या प्लॉटमध्ये मधली दोन वर्षं सोयाबीन आणि कांदा घेतला. २०२४ च्या पावसाळ्यात तैवान पिंक पेरू लावला.

चौथा पर्यायही प्रत्यक्षात आला. धाकट्याने २०२३ च्या मे महिन्यात, ज्या शेतकऱ्याकडे तो जायचा त्याच्याच जमिनीत चार गुंठ्यांचा पट्टा भाड्याने घेऊन साठ झुडपं लावली. या वेळी बियांपासूनची रोपं घेतली नाहीत, निवडक झुडपांपासून केलेली घेतली, आणि परागाची जुळणी आधी विचारून. पहिल्याच हिवाळ्यात सशांनी नऊ झुडपं बुंध्याशी कुरतडली, त्यानंतर त्याने जाळीच्या नळ्या बसवल्या. तण काढायचं काम तो दर आठवड्याला नानांना व्हिडिओवर दाखवतो. तिथे जुनी झालेली झुडपं जमिनीलगत कापून नवे फुटवे घेतात, हे कळल्यावर नाना म्हणाले, "मग ही खरड छाटणीच झाली." ही झुडपं अशी केव्हा कापायची याबद्दल बापलेकांत आतापासून मतभेद आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

वेदर स्टेशनची नोंद पहिल्या दिवशी काढायला हवी होती. ती घरातच होती, फुकट होती आणि एका संध्याकाळचं काम होतं. मी नीचांकी पाऱ्यावर बोललो नसतो तर थोरल्याने आगाऊ रक्कम दिली नसती, असं मला आजही वाटतं. नवं फळझाड विचारायला कोणी आलं की आता मी आधी तासांचा तक्ता मागतो, मग बोलतो.

रोपं हिमाचलातून थंडीआधी, ऑक्टोबरात आणली असती तर पहिलं वर्षच खरं उत्तर देऊन गेलं असतं आणि प्लॉट एक वर्ष आधी मार्गी लागला असता. दोन वेगळी, एकमेकांना जुळणारी वाणं नाव विचारून घेतली असती तर कुंड्यांतल्या झुडपांचा निकालही अधिक स्पष्ट मिळाला असता.

थोरल्याला एकट्याला पैसे द्यावेसे का वाटले, हे आम्ही उशिरा विचारलं. तो म्हणाला, धाकटा तिकडून सुचवतो, नाना बघून येतात, आणि रिकामा प्लॉट रोज सकाळी मला दिसतो. हा प्रश्न हिशेबाच्या आधी घ्यायला हवा होता.

कोल्ड स्टोरेजमधून आलेल्या पाचपैकी तीन कुंड्या अजून ओसरीच्या सावलीत आहेत. दर डिसेंबरात नाना त्यांची पानं हाताने काढतात आणि थोरला त्या गाडीत घालून कोल्ड स्टोरेजला नेतो.